कमरेला पिस्तूल आहे, म्हणूनच परवाना हवा

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून पिस्तूल अंगावर लपवून फिरायला परवाना लागत नाही. कायद्यात लिहिल्याप्रमाणे वय एकवीस पूर्ण हवं, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई केलेली नको, एवढं जमलं की झालं. वर्ग नाही, परीक्षा नाही, बोटांचे ठसे नाहीत. याच राज्यात, ह्यूस्टनच्या एका उपनगरात, मी औषधांचं दुकान चालवते. मी पिस्तूल बाळगते आणि हा कायदा मला चुकीचा वाटतो. या दोन गोष्टी एका माणसाच्या तोंडी शोभत नाहीत, असं मला दोन्हीकडून ऐकवलं जातं. नेमबाजीच्या रेंजवर भेटणारी मंडळी म्हणतात, एकदा हक्क मानलास तर त्याला फी आणि परीक्षा कसली लावतेस? सांगलीची मोठी बहीण फोनवर म्हणते, ‘आधी ते कमरेचं काढून ठेव, मग कायद्याच्या गोष्टी सांग.’ दोघांनाही द्यायचं उत्तर एकच आहे, फक्त ते फोनवर मावत नाही.

आधी माझं कारण सांगते. ते ऐकायला फार भव्य नाही. सरकार जुलमी झालं तर काय, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या, घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचं काय, असले विचार मला पिस्तूल घेताना शिवलेही नव्हते. माझं कारण औषधांच्या कपाटात आहे. हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन ही अफूजन्य वेदनाशामकं, अल्प्राझोलाम ही चिंतेवरची गोळी आणि विशेषतः आमच्या ह्यूस्टनमध्ये कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. हे सिरप सोड्यात घालून नशेसाठी प्यायचं खूळ इथं निदान नव्वदच्या दशकापासून आहे. त्या जांभळ्या बाटलीला रस्त्यावर दुकानातल्या किमतीच्या कित्येक पट पैसे मिळतात. त्यामुळे फार्मसीत शिरणाऱ्याला गल्ल्यात रस नसतो. त्याला कपाटाची किल्ली हवी असते.

माझ्या दुकानात असा एक जण येऊन गेला. त्यानं काउंटरवरून चिठ्ठी सरकवली, मी औषधं पिशवीत भरून दिली, दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपलं. औषधं द्यायची, वाद घालायचा नाही, हे आमच्या धंद्यात सगळेच शिकवतात आणि ते योग्यच आहे. नुकसान विम्यातून भरून आलं. भीती बसली ती निराळ्याच गोष्टीची. जाताना त्यानं माझ्या कोटावरचा नावाचा बिल्ला वाचला, माझं नाव मोडकंतोडकं उच्चारलं आणि बाहेर उभी असलेली माझी गाडी कुठली, तेही सांगितलं. रात्री दुकान बंद करून त्या गाडीपर्यंत मला एकटीला चालत जावं लागतं, हे त्याला माहीत होतं.

तक्रार लिहून घेणारा पोलीस भला माणूस होता. रात्रीच्या वेळी इथं पोहोचायला आम्हाला काही मिनिटं लागतात, हे त्यानं न लपवता सांगितलं. कायद्याची बाजू तर आणखी कोरडी आहे. २००५ साली ‘कॅसल रॉक विरुद्ध गोन्झालेस’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक आई होती. न्यायालयाचा मनाईहुकूम असूनही नवऱ्यानं तिच्या तीन मुलींना उचलून नेलं, ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली आणि पहाटेपर्यंत मुली मारल्या गेलेल्या होत्या. तो हुकूम पोलिसांनी अमलात आणलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क तिला नाही, असा निकाल लागला. कमरेला पिस्तूल लावणारा जवळजवळ प्रत्येक अमेरिकन हा निकाल कधी ना कधी तोंडावर फेकतो. मला तो फेकायला आवडत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

पिस्तुलाच्या आधी मी बाकीचं सगळं केलं. वेळेचं कुलूप असलेली तिजोरी बसवली, म्हणजे अंमली औषधांचा कप्पा कळ दाबल्यावर काही मिनिटांनीच उघडतो. मागच्या बाजूला प्रखर दिवे लावले, कॅमेरे वाढवले, शक्य त्या दिवशी दोघांनी मिळून बंद करायचं ठरवलं. धोका कमी झाला तो मुख्यतः या गोष्टींनी, हे मी कुणालाही सांगेन. पिस्तूल या यादीत शेवटी येतं. दुकानाचं दार आणि गाडीचं दार यांच्या मधल्या अंतरासाठी, आणि त्यातही एकाच प्रसंगासाठी ते आहे: औषधं, पैसे, किल्ल्या सगळं देऊनही समोरच्याला मला कुठंतरी घेऊन जायचं असेल तर. यापलीकडे त्याचा उपयोग नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय.

टेक्सासचा कायदा मात्र मला याहून बरीच मोकळीक देतो. इथल्या दंडसंहितेनुसार रात्रीच्या वेळी चोरी करून पळणाऱ्यावर, माल वाचवण्यासाठी, काही अटींवर प्राणघातक बळ वापरता येतं. ह्यूस्टनला लागून असलेल्या पासाडेना गावात १४ नोव्हेंबर २००७ला एका वयस्क माणसानं शेजारच्या बंद घरातून बाहेर पडणाऱ्या दोन चोरांना बंदुकीनं मारलं. ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचा माणूस ‘बाहेर जाऊ नका’ म्हणून पुन्हापुन्हा सांगत होता, ते सगळं ध्वनिमुद्रित आहे. पुढच्या वर्षी ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, त्याच्यावर आरोप ठेवायला नकार दिला. आमच्या परवान्याच्या वर्गात शिक्षकानं हे कलम समजावलं आणि लगेच म्हणाला, कायदा परवानगी देतो म्हणून तुमची झोप परत येईल असं नाही. वर्गात शिकलेल्यातलं हे एक वाक्य मला बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं वाटतं. २०२१नंतर पिस्तूल बाळगणाऱ्याला ते ऐकावंच लागेल अशी सोय राहिली नाही.

रेंजवरच्या लोकांना वाटतं की मी परवान्याबद्दल बोलते म्हणजे न्यूयॉर्कसारखा कायदा मागते. तसं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९११च्या सलिव्हन कायद्यापासून परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर होता. लपवून बाळगायचं असेल तर पुढं ‘विशेष कारण’ सिद्ध करावं लागे. रात्री उशिरा दुकान बंद करणारी बाई हे विशेष कारण ठरेल की नाही, ते समोर बसलेला साहेब ठरवणार. मी महाराष्ट्रातून आलेय, मर्जीवरचा परवाना कुणाच्या खिशात जातो हे मला शिकवायला नको. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि मग त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने दिलेले आहेत हे चर्चेत आलं. कमरेला पिस्तूल लावून, हवेत बार काढून व्हिडिओ टाकणारे पुढारी आणि त्यांचे कार्यकर्ते सगळ्यांनी पाहिले. आपल्याकडं कागदोपत्री कायदा अमेरिकेपेक्षा किती कडक! १९५९चा शस्त्र अधिनियम, पोलीस चौकशी, जिवाला धोका असल्याचं कारण. पण ज्याला खरोखर धोका आहे अशी एखादी परित्यक्ता किंवा धमक्या येणारा ग्रामसेवक त्या बाराशेत किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. बंदूक तिथं संरक्षणापेक्षा वजनासाठी असते. गावात गाडीतून उतरताना ती दिसली पाहिजे, हाच तिचा उपयोग.

म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २३ जून २०२२ला ‘ब्रूएन’ खटल्यात न्यूयॉर्कची ‘विशेष कारण’ ही अट रद्द केली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. पण त्याच निकालपत्रात एक तळटीप आहे, तिच्याकडं रेंजवरची मंडळी सहसा डोळेझाक करतात. पार्श्वभूमीची तपासणी आणि सुरक्षिततेचा वर्ग मागणारे, पण अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देणारे कायदे या निकालानं मोडीत निघत नाहीत, असं तिथं म्हटलं आहे. म्हणजे अट सगळ्यांना सारखी हवी आणि ती साहेबाच्या मनात नको, कागदावर हवी. टेक्सासमध्ये १९९६पासून २०२१पर्यंत अगदी हेच होतं.

ते कसं आलं, याची गोष्ट माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जाते. १६ ऑक्टोबर १९९१ला किलीन गावातल्या लूबीज नावाच्या खाणावळीत एका माणसानं ट्रक दर्शनी काचेतून आत घातला आणि गोळ्या झाडत सुटला. तेवीस जण मेले. सुझाना ग्रेशिया हप् नावाची कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यावर उपचार करणारी बाई, आईवडिलांबरोबर तिथं जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण जवळ बाळगणं तेव्हा बेकायदा होतं आणि तिला आपला व्यावसायिक परवाना घालवायचा नव्हता. वडील हल्लेखोरावर धावून गेले आणि मारले गेले. ती खिडकीतून निसटली, आई मागं येतेय असं तिला वाटलं. आई नवऱ्याजवळ थांबली होती, तीही मारली गेली. हप्बाईंनी पुढची वर्षं राज्याराज्यांच्या विधिमंडळांपुढे ही हकिगत सांगितली. १९९५मध्ये टेक्सासनं कायदा केला, गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी सही केली आणि हप्बाई स्वतः विधानसभेत निवडून गेल्या.

इतकं सबळ वैयक्तिक कारण मला दुसरं माहीत नाही. आणि त्यातून निघालेल्या कायद्यानंही काय म्हटलं? वर्गात बसा, लेखी परीक्षा द्या, ठसे द्या आणि निशाणा दाखवा. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी किमान एकशे पंचाहत्तर गुण. ही काही ऑलिंपिकची पात्रता फेरी नव्हे, थोडा सराव केलेल्या माणसाला सहज जमते. पण माझ्याबरोबरच्या वर्गात काही जण नापास झाले, आणि ते सगळे आत्मविश्वासानं आले होते. फी म्हणाल तर २०१७पासून चाळीस डॉलर. वर्गाचे पैसे वेगळे, तेही पिस्तुलाच्या किमतीपुढं किरकोळ. गरिबांवर अन्याय होतो म्हणून अट काढली असं म्हणणाऱ्यांनी वर्ग फुकट करायला हवा होता. त्यांनी वर्गाची सक्तीच काढून टाकली. विधेयक चर्चेत असताना राज्यातल्या कितीतरी पोलीस अधिकाऱ्यांनी विरोध केला होता, तो वाया गेला.

आता माझ्या काउंटरवर या. नाक चोंदल्यावर लागणारी स्यूडोएफेड्रिनची गोळी २००६पासून देशभर काउंटरच्या मागं ठेवावी लागते. गिऱ्हाइकाला ओळखपत्र दाखवावं लागतं, सही करावी लागते, तीस दिवसांत नऊ ग्रॅमच्या वर घेता येत नाही. कारण तिच्यापासून मेथ हा नशेचा पदार्थ बनतो. वेदनाशामक अफूजन्य औषध द्यायचं तर मार्च २०२०पासून मला आधी राज्याच्या नोंदप्रणालीत रुग्णाचा इतिहास बघणं बंधनकारक आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची मुलगी डोळ्यांत पाणी आणून समोर उभी असली, तरी मी आधी संगणक बघते. याच राज्यात एक सामान्य माणूस दुसऱ्याला वाहनतळावर पिस्तूल विकतो तेव्हा कसलीही तपासणी लागत नाही आणि घेणारा ते तिथंच शर्टाखाली खोचून निघून जाऊ शकतो. सर्दीच्या गोळीला ओळखपत्र मागताना मला लाज वाटत नाही, कारण बहुसंख्य गिऱ्हाइकं निर्दोष असूनही थोड्यांमुळे नियम सगळ्यांना लागतो, हे ती समजून घेतात. हीच समजूत पिस्तुलाच्या बाबतीत अचानक ‘स्वातंत्र्यावर घाला’ कशी होते, ते मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

माझ्या मताविरुद्धचं सर्वांत भक्कम उदाहरण मीच सांगते, नाहीतर रेंजवरचे सांगतील. १७ जुलै २०२२ला इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एकानं गोळीबार सुरू केला, तिघे मेले. बावीस वर्षांच्या एका मुलानं पंधरा सेकंदांत, बऱ्याच अंतरावरून, हल्लेखोराला खाली पाडलं. त्याच्याकडं परवाना नव्हता. इंडियानानं परवान्याची अट त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला काढली होती. नेमबाजी त्याला आजोबांनी शिकवली होती. त्या दिवशी त्या मुलामुळे किती जीव वाचले असतील, आणि मी मागतेय ती अट असती तर तो तिथं निःशस्त्र असता, हे मला मान्य करायला हवं. पण अशा आजोबांच्या तालमीत किती जण तयार होतात? २९ डिसेंबर २०१९ला टेक्सासमधल्या व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये सहा सेकंदांत हल्लेखोराला टिपणारा माणूस तर पूर्वी शेरीफच्या राखीव पोलिसांतला आणि स्वतः नेमबाजीचा शिक्षक होता. लोक अशी नावं घेतात आणि आपण त्यांच्याच पंक्तीतले आहोत असं धरून चालतात.

दुसऱ्या बाजूची उदाहरणं रेंजवर कुणी काढत नाही. २१ जून २०२१, कोलोरॅडोतलं अर्व्हाडा. एका माणसानं पोलिसाला मारलं, तिथल्या एका सशस्त्र नागरिकानं त्या मारेकऱ्याला ठार केलं, आणि मागून आलेल्या पोलिसानं हातात बंदूक दिसते म्हणून त्या नागरिकालाच गोळी घातली. किंवा ६ जुलै २०१६, मिनेसोटा. फिलांडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसानं गाडीत अडवलं. त्यानं स्वतःहून सांगितलं, माझ्याजवळ बंदूक आहे. परवाना होता. काही क्षणांत सात गोळ्या झाडल्या गेल्या, शेजारी त्याची मैत्रीण आणि मागं तिची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. तो पोलीस पुढं निर्दोष सुटला. माझा रंगही गोरा नाही. रात्री मला कुणी गाडी बाजूला घ्यायला लावली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, आतला दिवा लावून मी बसून राहते. पिस्तूल संकटातून सोडवतं तसं नवं संकटही अंगावर आणतं. हा हिशेब मी रोज मांडते. इथल्या मराठी मंडळातल्या ज्या तरुणांना मी पिस्तूल घेतल्याचं कळल्यावर कौतुक वाटतं, त्यांना तो हिशेब मांडायचाच नसतो.

त्या तरुणांतल्या बऱ्याच जणांना तर हेही माहीत नसतं की ते घेऊच शकत नाहीत. एच-वन बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण साधारण नियम हाच. ग्रीन कार्ड आलं की चालतं. त्यामुळे घरात एकाकडं ग्रीन कार्ड आणि दुसरा अजून व्हिसावर, अशी परिस्थिती असली तर बंदूक कुठं ठेवायची आणि तिजोरीचा आकडा कुणाला माहीत असावा, हा चेष्टेचा विषय राहत नाही. २२ फेब्रुवारी २०१७ला कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचीभोटला या अभियंत्याला ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत एकानं मारलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत पिस्तुलाची चर्चा झाली. तो एच-वन बीवर होता. म्हणजे त्याला कायद्यानं ते मिळालंच नसतं. आणि मिळालं असतं तरी मित्राबरोबर संध्याकाळी बिअर पीत बसलेल्या माणसाला, भांडून गेलेला इसम बंदूक घेऊन परत आल्यावर, हालचाल करायला किती वेळ मिळाला असता? त्या घटनेचा आधार घेऊन पिस्तूल विकत घेणं मला समजतं. त्यानं त्या घटनेवर इलाज होतो, असं मात्र म्हणवत नाही.

तुलनेनं दरोड्याची भीती मला अधिक खरी वाटते, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तिला सोन्याचा संदर्भ आहे. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन आणि टेक्सास इथं भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून, आत शिरून, माणसांना बांधून लुटणारी टोळी होती. तिची सूत्रं आमच्याच ह्यूस्टनमधली एक बाई हलवत होती. तिला २०१९मध्ये सदतीस वर्षांची शिक्षा झाली. यावर माझा सल्ला पिस्तुलाचा नाही, बँकेच्या लॉकरचा आहे. पाटल्या-बांगड्या घरातून गेल्या की घरावर नजर ठेवायचं कारणही जातं.

घराचा विषय निघालाच आहे, तर माझ्या दृष्टीनं सर्वांत जड भाग हाच आहे. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. वाहनतळावरचा दरोडेखोर या आकड्यात फार खाली येतो. गोळ्या खाऊन जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या शंभरांतले पाचही मरत नाहीत, बंदुकीनं प्रयत्न करणाऱ्या दहांतले जवळजवळ नऊ मरतात. साधन हाताशी नसलं तर ती वेळ टळते आणि टळलेल्यांतले बहुतेक पुढं जगतात, हे औषधशास्त्र शिकलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. ब्रिटननं १९९८मध्ये पॅरासिटॅमॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कमी केली आणि त्या गोळ्यांनी होणारे मृत्यू घटले. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि देशातल्या एकूण आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. विदर्भातल्या कुठल्याही शेतकरी कुटुंबाला घरात ठेवलेल्या डब्याचा अर्थ कळतो.

माझ्या घरात वयात आलेला मुलगा आहे. तो आनंदी आहे, अभ्यासात बरा आहे, आणि ज्या घरांत हे घडलं त्या आईबापांनाही नेमकं असंच वाटत होतं. म्हणून पिस्तूल एक तर माझ्या अंगावर असतं, नाहीतर तिजोरीत, आणि तिजोरीचा आकडा मी सोडून कुणालाही माहीत नाही. पर्समध्ये ठेवत नाही. पर्स खुर्चीला लटकते, गाडीत राहते, कुणीही उचलतं. इथं गाड्यांतून चोरीला जाणारी पिस्तुलं हा पोलिसांच्या डोक्याला मोठा ताप आहे. कमरपट्ट्याच्या आत, चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्येच ते असतं. यामुळे माझ्या कपड्यांची निवड आता मोजकी झाली आहे. साडीत सोय नाही, हे एका अर्थी बरंच. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असतो. शाळेत शस्त्र नेणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, त्यामुळे त्या दिवशी ते तिजोरीतच राहतं. दवाखान्याच्या किंवा देवळाच्या दारावर मनाईची कायदेशीर पाटी असली की परत फिरायचं. या पाट्यांचे क्रमांक, कलमं, कुठल्या पाटीचा काय अर्थ, हे सगळं मला वर्गात कळलं. आज ज्याला वर्गाची गरजच नाही, त्याला हे कोण सांगतं?

आणि आता माझ्याच बाजूला बोचणारी गोष्ट. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार लपवून बाळगण्याची मुभा सैल केलेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त निघाले. हा अभ्यास २०२१च्या आधीचा आहे, म्हणजे माझ्यासारखे, वर्ग करून परवाना घेणारेही त्यात मोजलेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांवरच्या, २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की घरात पिस्तूलधारक असलेल्या व्यक्तींचा खून होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आहे. दुसरीकडं, बंदुकीनं किती लोक स्वतःचा बचाव करतात याचे अंदाज वर्षाला साठ-सत्तर हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत. एवढ्या फरकाच्या आकड्यावर मी तरी धोरण उभारणार नाही.

मग मी का बाळगते? कारण सरासरी ही सगळ्यांची असते आणि त्या रात्री गाडीपर्यंत मी एकटी चालते. हे उत्तर मला पुरतं. पण ते फक्त मलाच पुरतं, हेच मला रेंजवरच्या मित्रांना सांगायचंय. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीत बंदूक असणाऱ्या अमेरिकनांतल्या ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण सांगितलं. म्हणजे कोट्यवधी लोकांकडं माझ्यासारखंच आपापलं कारण आहे आणि त्यातलं प्रत्येक ज्याच्या त्याच्या जागी खरं असेल. ती सगळी कारणं बेरजेत घेतली की वर सांगितलेले आकडे तयार होतात. ती बेरीज सांभाळणं विधिमंडळाचं काम, आणि माझ्या भीतीचा दाखला देऊन विधिमंडळानं ते काम सोडून दिलं, याचा मला राग आहे. माझ्या भीतीनं चार-सहा तासांचा वर्ग आणि पन्नास गोळ्यांची परीक्षा कधीच नाकारली नव्हती.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, गुन्हेगार थोडाच परवाना काढणार आहे? नाही काढणार. पण परवान्याची अट होती तेव्हा विनापरवाना पिस्तूल खोचून फिरणाऱ्याला, त्यानं काही करण्याआधी, त्या एका कारणावरून अटक करता येत होती. आता पोलिसाला आधी सिद्ध करावं लागतं की या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. शिवाय परवाना मुळात गुन्हेगारासाठी नव्हताच. तो घाबरलेल्या सरळमार्गी माणसासाठी होता, ज्यानं परवा पिस्तूल घेतलं, डबा काल उघडला आणि जो आज रात्री त्याच अंधाऱ्या पार्किंगमध्ये माझ्या पाठीमागून घाईघाईनं स्वतःच्या गाडीकडं चाललाय. मला त्याचा चेहरा दिसत नाही, त्यालाही माझा दिसत नाही, आणि कमरेशी हात दोघांचाही आहे.